आईचं त्यात आलंच

विश्वंभर आप्पांच्या घरी आजवर जेवढी आमंत्रणं आली, मुंजीची, लग्नाची, वास्तुशांतीची, देवळातल्या समाराधनेची, त्या सगळ्यांवर नाव एकच असायचं. श्री. विश्वंभर यांस, सहकुटुंब. त्या 'सहकुटुंबा'त पद्माकाकू. समाराधनेची पानं मोजायला माणूस यायचा तोही ओटीवरूनच विचारायचा, "आप्पा, दोन ना?" आप्पा मान हलवायचे आणि माणूस पुढच्या घराकडे वळायचा. ते दुसरं पान आतमध्ये नारळ खवत बसलेलं असे. त्याला कोणी विचारत नसे, आणि विचारायला हवं होतं असं त्या पानालाही वाटत नसे. पद्धतच तशी. मग अमेरिकेच्या सरकारची पद्धत वेगळी निघेल हे कोणाच्या डोक्यात येणार?

बोर्ली पंचतनच्या बाजारातून समुद्राकडे निघालेली रिक्षा शेवटचं वळण घेते तिथे यांची वाडी. नारळ, सुपारी, झाडांवर चढवलेले मिरीचे वेल, आणि कोणी न लावता माजलेलं अळू. आप्पांचा सगळा जीव त्या सुपारीत. पद्माकाकूंचा जीव मात्र दोन ठिकाणी वाटलेला. अर्धा इथे चुलीपाशी आणि अर्धा अमेरिकेत, कोलंबस नावाच्या गावी, जिथे त्यांची एकुलती एक भार्गवी नवरा आणि लेकीसह राहत होती. पाच वर्षांची नात फोनवर "आजी, तू स्क्रीनमधून बाहेर ये ना" म्हणायची तेव्हा पद्माकाकू हसायच्या आणि फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसायच्या. दोन महिन्यांची पाहुणी म्हणून जायचं आणि परतताना विमानतळावर रडायचं, हे त्यांना नको होतं. त्यांना तिथे राहायचं होतं. नातीला शाळेत सोडायचं होतं, तिच्या वेण्या घालायच्या होत्या, तिला रागवायचंही होतं. रागवायला माणूस कायमचा लागतो, पाहुण्याला ते शोभत नाही.

भार्गवी तिथली नागरिक झाली तेव्हा तिने फोनवर समजावून सांगितलं. नागरिकाला आपल्या आईवडिलांसाठी अर्ज करता येतो. भावाबहिणींसाठी केला तर रांगेत वर्षंच्या वर्षं जातात, पण आईवडिलांना रांग नाही. अर्ज मंजूर झाला की कागद गोळा करायचे, ते तपासून झाले की मुंबईच्या वकिलातीत मुलाखत.

"मग करू ना आप्पा? कोणाच्या नावाने करू?"

आप्पा ओटीवर अडकित्ता घेऊन बसले होते. त्यांना खरं तर कोणाच्याच नावाने करायचा नव्हता. पण बायकोने आतून डोळे वटारले होते. "माझ्याच नावाने कर की," ते म्हणाले. "आईचं त्यात आलंच."

भार्गवी काही अडाणी नव्हे. पण तीही याच घरातली, आणि ती स्वतः अमेरिकेत गेली होती ती नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसात, नवऱ्याच्या फाईलमध्ये बायको म्हणून. तेव्हा वडिलांच्या फाईलमध्ये आई हे तिला अगदी सरळ वाटलं. वर त्या फॉर्मात बायकोचं नाव लिहायला जागाही होती. तिने तिथे पद्मा असं नीट लिहिलं, आईला फोन करून सांगितलं, आणि पद्माकाकूंनी देवापुढे साखर ठेवली.

वर्षभराने अर्ज मंजूर झाला. फाईल दुसऱ्या ऑफिसात, तिथल्या राष्ट्रीय व्हिसा केंद्रात गेली. हे व्हिसा केंद्र म्हणजे मधली गाळणी. ते मुलाखत घेत नाही. ते फी घेतं, मोठा फॉर्म भरून घेतं, जन्माचे, लग्नाचे, पोलिसांचे दाखले मागतं, मुलगी आईबापांना पोसू शकते का ते तिच्या कराच्या कागदांवरून पाहतं, आणि सगळं जागच्या जागी असेल तरच मुलाखतीच्या रांगेत नाव लावतं. भार्गवीने फी भरायला त्यांची वेबसाइट उघडली तर तिथे एकच नाव. विश्वंभर. तिला वाटलं, काहीतरी चुकलंय. तिने विचारलं. उत्तर आलं की काही चुकलेलं नाही. आईवडिलांच्या अर्जात ज्याच्यासाठी अर्ज केला तो एकटाच माणूस येतो, त्याच्यामागून कोणी येत नाही. आईसाठी वेगळा अर्ज करावा लागेल.

त्या संध्याकाळी भार्गवी फोनवर रडलीच. पद्माकाकू कोकमाची सोलं भिजत घालत होत्या. त्यांनी हात पुसले, फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी त्यात नाहीच?"

"नाही गं आई. माझंच चुकलं."

"तुझं नाही चुकलं. ज्यांनी 'आलंच' म्हणून सांगितलं त्यांना विचारते मी."

त्यांनी विचारलं मात्र नाही. दोन दिवस घरात आमटी नेहमीसारखी चवदार होती, फक्त बोलणं नव्हतं. आप्पांना बायकोच्या तोंडाची भीती नव्हती, तिच्या गप्प बसण्याची होती. ते उगाच वाडीत जाऊन भिकूच्या पाठी लागले. भिकू त्यांच्याकडे तीस वर्षं झाडांवर चढत होता. वरूनच म्हणाला, "आप्पा, काकींनी काय म्हन्लं काय? सकालपासून तुमी एकाच झाडाकडं बगताव."

गंमत बघा कशी. जिला जायचं होतं तिचं नाव कागदावर नाही, आणि ज्याला पाय उचलायचा नव्हता त्याचा कागद पुढे धावत सुटलेला. आळीतल्या लोकांनी लगेच सल्ले दिले. आप्पांना जाऊ द्या पुढे, तुम्ही जाल मागाहून, वर्ष काय असं निघून जातं. पद्माकाकूंना तो शब्दच डाचला. मागाहून म्हणजे काय, राहिलेली पिशवी आहे का मी, कोणी येणारा असला की त्याच्याबरोबर पाठवून द्यायची? आणि मनातली खरी भीती त्या कोणाला बोलल्या नाहीत. हा माणूस तिथे पोचेल, लेकीच्या घरात बसेल, आणि आपला अर्ज कुठेतरी अडकून आपण इथेच कुलूप सांभाळत राहू, ही ती भीती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः भार्गवीला फोन लावला. "माझा अर्ज कर. माझ्या नावाने, पहिल्यापासून. आणि त्यात काय काय लिहितेस ते मला वाचून दाखवायचं."

मग रोज सकाळी फोनवर वाचन. या अर्जात पद्माकाकूंना एक भलताच आनंद सापडला. आप्पांच्या अर्जाला भार्गवीच्या जन्माच्या दाखल्याबरोबर आईवडिलांच्या लग्नाचाही दाखला जोडावा लागला होता, आणि जुन्या लग्नाची नोंद करून घ्यायला ग्रामपंचायतीत खेटे घालावे लागले होते. आईच्या अर्जाला लेकीच्या जन्माचा दाखला तेवढा पुरला. बाप आहे हे सांगायला लग्नाचा पुरावा लागतो, आईला लागत नाही, ही गोष्ट पद्माकाकूंनी अख्ख्या आळीला ऐकवली. भजनी मंडळात तर दोनदा. आप्पा म्हणाले, "पुरे झालं." त्यावर त्यांनी तिसऱ्यांदा सांगितली.

इकडे आप्पांची फाईल पूर्ण व्हायला एकच कागद उरला होता, पोलिसांचा दाखला. त्यासाठी पासपोर्टवाल्यांकडे अर्ज केला, चौकशीला ठाण्यातून शिपाई आला. तो ओटीवर कोकम सरबत पीत म्हणाला, "आप्पा, तुमच्यावर काय केस वगैरे?"

"ग्रामसभेत आवाज चढवतात," पद्माकाकू आतून म्हणाल्या.

"ते लिवायला जागा न्हाय काकी यात," शिपाई म्हणाला.

दाखला आला. बोर्लीला स्कॅन करून भार्गवीकडे पाठवायचा, एवढंच काम. पण तो काही जाईना. आज काय तर बोर्लीच्या कॉम्प्युटरवाल्याचं मशीन बंद. उद्या काय तर भिकू नारळ पाडतोय, खाली उभं राहायला हवं. परवा वीज नाही. भार्गवी प्रत्येक फोनला विचारायची, "आप्पा, तेवढा एक कागद पाठवा ना, तुमची फाईल पूर्ण होते." वर्षभर काहीच हालचाल झाली नाही तर तिथे फाईल बंद करतात, म्हणून ती बिचारी अधूनमधून वेबसाइटवर आत डोकावून यायची, आम्ही आहोत हं, असं दाखवायला. पद्माकाकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझा अर्ज मंजूर व्हावा म्हणून मी देव पाण्यात ठेवलेत, आणि यांचा तयार घास तोंडाशी आलाय तर हे तोंड फिरवतात!

"तुम्हाला यायचंच नाही, सांगून टाका एकदा."

"यायचंय ना," म्हणून आप्पा पायात चपला सरकवत वाडीकडे निघायचे.

यथावकाश पद्माकाकूंचाही अर्ज मंजूर झाला, फाईल गाळणीत आली, आणि तिथे जन्माच्या दाखल्यापाशी अडली. त्यांचा जन्म खाडीपलीकडे मुरुडच्या बाजूचा, घरातच झालेला. ग्रामपंचायतीने वह्या चाळून नोंद आढळत नाही असा दाखला दिला. मग त्याच्या जोडीला जवळच्या नात्यातल्या, वयाने मोठ्या माणसाचं शपथपत्र हवं, की ही जन्मली तेव्हा मी होतो, मला माहीत आहे. आईवडील जाऊन जमाना झाला. आत्या, मावश्या, काका कोणी उरलं नव्हतं. उरले होते ते एकटे देवदत्त, पद्माकाकूंचे थोरले बंधू. पोस्टातून निवृत्त झालेले, शहात्तरीचे, आणि स्वभावाने नारळाच्या सोडणासारखे राठ. त्यांनी सही केली नाही तर दुसरं कोणी नव्हतं.

दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या बोटीत पद्माकाकू स्कूटरींच्या गर्दीतून वाट काढत पुढे कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या माहेरी जायच्या तेव्हा पिशवीत भावासाठी पोह्याचे पापड असायचे. आज पापड होतेच, वर मुरुडच्या वकिलाने टाईप करून पाठवलेला कागदही होता. पिशवी आप्पांच्या हातात होती. त्यांनी ती आपणहून घेतली होती, हे काकूंच्या लक्षात आलं होतं.

वकिलाकडेच सगळे जमले. देवदत्तांनी चष्मा पुसला, कागद वाचला, पुन्हा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मी यावर सही करणार नाही."

पद्माकाकूंनी कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. "दादा, असं काय करतोस?"

"शपथेवर लिहायचं ना? मग खरं लिहायचं. इथे म्हटलंय, पद्मा हिच्या जन्माच्या वेळी मी घरात हजर होतो. पद्मा नावाची मुलगी आमच्या घरात कधी जन्मलीच नाही." त्यांनी आप्पांकडे बोट दाखवलं. "पद्मा यांनी केली. आमच्याकडे वेणू जन्मली."

वेणू हे नाव पद्माकाकूंनी शेवटचं कधी ऐकलं होतं? आई होती तोवर. देवदत्तही पुढे पुढे लोकांदेखत पद्माच म्हणू लागले होते. लग्नाच्या दिवशी तबकात तांदूळ पसरले होते आणि आप्पांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं होतं. भटजींनी ते मोठ्याने वाचलं तेव्हा वेणूला कळलं की आपण आता पद्मा. मंडपात सगळ्यांनी छान आहे, छान आहे म्हटलं. आवडलं का, असं कोणी विचारलं नव्हतं.

देवदत्त आता कोणाचं ऐकणार नव्हते. ते वकिलालाच सांगू लागले. "मी दहा वर्षांचा होतो. श्रावणातली रात्र. मला सुईणीला आणायला पाठवलं. मी धावत गेलो, येताना चिखलात आपटलो, हे ढोपर बघा. परत येऊन पडवीत बसलो तर आतून रडण्याचा आवाज. आजोबांनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाले, तुला बहीण झाली. बारशाला आत्याने नाव ठेवलं वेणू. लिहा."

वकिलाने लिहिलं. वेणू अमुक दिवशी जन्मली, लग्नानंतर सासरी तिचे नाव पद्मा ठेवण्यात आले, वेणू व पद्मा ही एकच व्यक्ती होय. हे नीट झालं म्हणून पद्माकाकूंनी श्वास सोडला, तोच देवदत्त म्हणाले, "पुढे लिहा. हे मला माहीत आहे, कारण तिला पाठवताना गाडीत मी स्वतः बसवले व ती आगरदांड्यापर्यंत रडत होती."

"काका, एवढ्याची आवश्यकता नाही," वकील म्हणाले.

"मग माझ्या सहीचीही आवश्यकता नाही."

वाक्य राहिलं. देवदत्तांनी पोस्टातल्या जुन्या सवयीने ठसठशीत सही केली आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "जा वेणे. आणि नातीला खरं नाव सांग." काकू हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदमच. परतीच्या बोटीत त्या भरभरून बोलत राहिल्या, दादाचं ढोपर, आत्या, बारसं. आप्पा पिशवी मांडीवर घेऊन खाडीकडे बघत बसले होते. एरवी सासुरवाडीवर दोन शेरे मारल्याशिवाय त्यांची ती बोट पलीकडे लागत नसे.

शपथपत्राचं इंग्रजी करून भार्गवीने ते पाठवलं, आणि बऱ्याच आठवड्यांनी निरोप आला. कागदपत्रं पूर्ण, आता मुलाखतीच्या तारखेची वाट पाहा. पद्माकाकूंनी तो निरोप स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत ओरडतच नेला. आप्पा उठले, आत गेले, कपाटातल्या पंचांगांच्या खालून पोलिसांचा दाखला काढून आणला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हा पाठवून दे भार्गवीला."

"का? बोर्लीचं मशीन सुरू झालं वाटतं?"

"बंद कधी नव्हतंच."

आप्पा अडकित्ता शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता. "माझी फाईल पूर्ण झाली असती तर तारीख आली असती," ते म्हणाले. "तारीख आली की तू, भार्गवी, ही आळी, सगळ्यांनी मिळून मला विमानात घातलं असतं. मी एकटा तिथे जाऊन काय करू? तिथे मी भांडू कोणाशी?"

"मग तेव्हाच सांगायचंत ना! मी वर्षभर तुमच्या नावाने खडे फोडले."

"सांगितलं असतं तर तू ढकललंच असतंस."

हे खरं होतं. त्यांनी ढकललंच असतं. पद्माकाकूंना राग आला, हसू आलं, आणि नवऱ्याबद्दल काहीतरी भरूनही आलं. त्यांनी दाखला त्यांच्या हातातून घेतला आणि पदराने पुसला. मग म्हणाल्या, "अर्धं माझ्यासाठी केलंत आणि अर्धं सुपारीसाठी. मी ओळखते तुम्हाला."

"बारा आणे तुझ्यासाठी," आप्पा म्हणाले.

दाखला गेला. आता दोघांच्याही फायली पूर्ण, पण काकूंची आधी रांगेत लागलेली. वाडी भिकूने पाहायची ठरली. त्याला काळजी नव्हती. "तुमी जावा खुशाल," तो म्हणाला. "वाडी काय उठून पलते काय? हितंच हाय ती."

आणि एका सकाळी पत्र आलं. भार्गवी तिकडून फोनवर "आई, तारीख आली!" म्हणून ओरडत होती आणि नात मागे उड्या मारत होती. पद्माकाकूंनी फोनवर आलेलं पत्र मोठं करून आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी चष्मा लावला. वर नाव होतं पद्मा. मुंबईची वकिलात, दिवस, वेळ, आधी डॉक्टरी तपासणी करून घ्या, हे हे कागद मूळ स्वरूपात आणा. आप्पांनी बोटाने पत्र खाली सरकवलं, परत वर नेलं, परत खाली नेलं.

"यात माझं नाव कुठे दिसत नाही."

"तुमचं त्यात आलंच," पद्माकाकू म्हणाल्या.

फोनमध्ये भार्गवी खो खो हसली. हसता हसताच तिने सांगितलं की आप्पा, तुमचं वेगळं पत्र येईल, महिनाभरात येईल, तारखा जवळपास मिळतात का ते मी त्यांना लिहून विचारते, आणि आई तुमच्याशिवाय तिकीट काढणार नाहीये, घाबरू नका. फोन बंद झाला. आप्पा मात्र हसले नव्हते. काही क्षण का होईना, आपण मागे राहणार असं त्यांना खरोखरच वाटलं होतं, आणि ते वाटणं त्यांच्या तोंडावरून अजून गेलं नव्हतं. ते झोपाळ्यावर बसले. पायाने रेटा द्यायचंही त्यांना सुचलं नाही.

"वेणू," ते म्हणाले.

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पद्माकाकू दाराशी थबकल्या.

"अर्जाच्या वेळी तुला विचारायला हवं होतं मी. आणि त्याच्याही आधी, तांदळात नाव लिहायच्या आधी."

पद्माकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. या वेळी तो नातीसाठी नव्हता. मग झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या, आणि पायाने रेटा त्यांनीच दिला.

"आता कागदावर पद्माच राहू दे," त्या म्हणाल्या. "बदलायला गेलं तर परत दादाकडे जावं लागेल, आणि या खेपेला तो आणखी दहा वाक्यं घालेल. पण घरात वेणू म्हणालात तर मी ओ देईन."